लंडनची कातरवेळ

लंडनला जायचेच असेल तर मे-जूनमध्ये जा, असे आम्हा चौघींना आपापल्या घरून बजावण्यात आले होते. माझ्या मुलाने तर इंटरनेटवरून तापमानाचा तक्ताच काढून दिला. डिसेंबरात तिथे ऊन नसते, पाऊस भुरभुरत असतो, दुपारी चारला अंधार पडतो, या वयात गुडघे आखडतील, मग बघणार काय? मी म्हटले, तो चारचा अंधारच मला बघायचा आहे. त्याला वाटले, आई चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. शहाद्याच्या शाळेत मी चौतीस वर्षे भूगोल शिकवला. 'उच्च अक्षवृत्तांवर हिवाळ्यात दिनमान लहान असते' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, त्याची मोजदाद नाही. मुली ते उत्तरपत्रिकेत लिहायच्या, मी बरोबरची खूण करायची, गुण द्यायची. ना त्यांनी ते पाहिलेले, ना मी. भूगोलाच्या शिक्षकाचा धंदाच असा, की जिथे पाऊल ठेवले नाही तिथली हवा, पिके आणि नद्या छातीठोकपणे सांगायच्या.

आम्ही चौघी म्हणजे मोठ्या बाई (आमच्या मुख्याध्यापिका, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या), गणिताच्या बाई, मराठीच्या बाई आणि मी. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी आम्ही एकमेकींना अशाच हाका मारतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत गर्दीत चुकामूक झाली तेव्हा मोठ्या बाईंनी फलाटावरून 'ओ गणिताच्या बाई!' अशी हाळी दिली. गणिताच्या बाई तर वळल्याच, बरोबर दोन अनोळखी माणसेही वळली. ती मराठी निघाली! एक नाशिकचा, एक सांगलीचा. असो.

तारीख ठरली १६ डिसेंबर २०१९. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा तेव्हा ऐन भरात होती. तापीकाठचा तो घोडेबाजार सोडून कुणी शहाणा माणूस डिसेंबरात गाव सोडत नाही. दत्ताचे दर्शन उरकून घेतले आणि मग बॅगा भरल्या. आमचा दूधवाला म्हणाला, "बाई, तठे थंडी भलती राहस ना!" त्याला तोरणमाळची आठवण करून दिली. लंडन आपल्यापेक्षा तीस अंश उत्तरेला खरे, पण अटलांटिक महासागरातला उष्ण प्रवाह त्या बेटांना ऊब देतो. आम्ही होतो तेव्हा तिथे आठ-दहा अंश होते. तोरणमाळला डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे याहून गार असते आणि तिथल्या घरात हीटर नसतो.

तयारीच्या गोष्टी फार सांगत नाही. व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेलो तर गणिताच्या बाईंचे ठसे यंत्राला उमटेनात. 'चाळीस वर्षे खडू धरला, आता रेषा कुठून आणू?' असे त्या मराठीतच त्या मुलीला म्हणाल्या. चौथ्या-पाचव्या वेळेला उमटले. गणिताच्या बाईंची भाची तिकडे हॅरोला राहते, तिच्या घराजवळच दोन खोल्या घेतल्या होत्या. बरोबर शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि बिबड्या. बिबड्या विमानात मोडल्या, चव शाबूत राहिली.

आता मराठीच्या बाईंविषयी. त्यांच्या यजमानांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. मुले पुण्याला आणि बडोद्याला. दिवस त्या कसाही काढत. सकाळी पूजा, पेपर, दुपारी वाचन. पण सहा वाजले की त्यांना घरात थांबवत नसे. त्यांचे यजमान रोज त्याच वेळेला शेतावरून परत यायचे. फाटकाची कडी वाजायची, मग हातपाय धुण्याचा आवाज, मग चहा. चाळीस वर्षांचा हा क्रम. आता सहाला कडी वाजत नव्हती. त्या कुलूप लावून माझ्याकडे यायच्या, काही बोलायच्या नाहीत, साडेसात झाले की परत जायच्या. 'कातरवेळ' हा शब्द त्यांनीच वर्गात कितीदा समजावला असेल. शब्दाचा अर्थ असा अंगावर येईल हे कुणाला ठाऊक असते?

त्या या प्रवासाला यायला तयार झाल्या ते मोठ्या बाईंच्या शब्दामुळे. मोठ्या बाई विचारत नसत, सांगत. "तुमचा पासपोर्ट काढायला टाकलाय, फोटो घेऊन या," इतकेच.

लंडनला उतरलो त्या दिवशी दमलेल्या होतो. जेवून आडवे झालो. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागलेले. घड्याळ पाहिले, चार वाजून दहा मिनिटे. मराठीच्या बाई खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. बाहेर धड उजेड नाही, धड काळोख नाही, निळसर राखाडी काहीतरी. मला म्हणाल्या, "झोपायला अजून किती वेळ आहे हो?"

मी मनात हिशेब केला. दहापर्यंत सहा तास. घरी जो दीड तास त्यांना झेपत नव्हता तो मी त्यांना चौपट करून दिला होता. आणि तिथे जायला माझ्याकडे भटकायलाही घर नव्हते!

यात आणखी एक गोष्ट होती, ती मी त्यांना लगेच सांगितली नाही. संधिप्रकाशसुद्धा तिथे जास्त वेळ टिकतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून सूर्यास्तानंतर पंचवीस मिनिटांत काळोख दाटतो. लंडनला डिसेंबरात तो तिरपा, घसरत घसरत क्षितिजाखाली जातो. त्यामुळे तेवढ्याच अंधाराला तिथे चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे कातरवेळ चारला सुरू होते, इतकेच नाही, ती मुळात लांबलचक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी शाळेतल्यासारखी सूचना काढली. साडेतीन ते सात या वेळात कुणीही खोलीत बसायचे नाही. जे बघायचे असेल ते सकाळी बघा किंवा बघू नका, पण चार वाजता आपण रस्त्यावर असलो पाहिजे.

त्याप्रमाणे आम्ही रोज साडेतीनला दोन मजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकांवर जाऊन बसायचो. आम्हा निवृत्तांना याहून चांगली करमणूक नाही. समोर मोठी काच, पाय गरम, गुडघ्यांना त्रास नाही आणि सगळे शहर अंगावरून जाते. कुठे जाते ते विचारायचे नाही, शेवटच्या थांब्यावर उतरून परतीची बस धरायची.

बुधवारी अशीच बस एका शाळेसमोरून गेली. सव्वाचार झाले असतील. दिवे लागलेले, रस्ता ओला. गणवेशातली पोरे पोरी पाठीवर दप्तरे घेऊन फाटकातून बाहेर पडत होती. हसत होती, एकमेकांना ढकलत होती. एक मुलगी बसथांब्यावर उभ्या उभ्या वही उघडून काही वाचत होती, थांब्याच्या दिव्याखाली.

मला एकदम माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. १९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून येणारी. बस मिळाली तर बस, नाही तर पायी. दिनमानाचा पाठ चालू होता. मी लंडनचे उदाहरण दिले, डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो. तिने हात वर केला. ती कधी हात वर करत नसे. "बाई, मग तिथे शाळा अंधारात सुटते का?" वर्ग हसला. मी म्हटले, "हो, सुटत असेल." ती खाली बसली. पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होते, की तिला अजून काही विचारायचे होते. तिच्यासाठी दिनमान म्हणजे परीक्षेतला प्रश्न नव्हता. शाळा पाचला सुटायची, हिवाळ्यात सहाच्या आत सूर्य मावळायचा आणि पाड्याच्या वाटेवर एकही दिवा नव्हता. अभ्यास कंदिलापाशी. लंडनच्या पोरी अंधारात घरी कशा पोहोचत असतील, याची तिला काळजी पडली होती.

तीस-बत्तीस वर्षांनी तिचे उत्तर माझ्या डोळ्यांसमोरून चालले होते. सुटते ग, शाळा अंधारातच सुटते. पण रस्त्यावर दिवे असतात, पदपथ असतो, बस वेळेवर येते आणि फाटकाशी एक माणूस उभा राहून पोरांना रस्ता ओलांडून देतो. अंधार अक्षवृत्तामुळे पडतो, हे मी शिकवले. अंधाराची भीती कशामुळे कमी-जास्त होते हे त्या धड्यात नव्हते.

ही गोष्ट मी बसमध्येच तिघींना सांगितली. गणिताच्या बाईंना ती मुलगी आठवत होती, "भूमितीत चांगली होती," म्हणाल्या. मराठीच्या बाई बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "इथे कातरवेळेला कुणी थांबतच नाही हो. सगळे आपले कामात." मी तेव्हा त्यांना तिरप्या सूर्याचे सांगितले. त्या हसल्या, बऱ्याच दिवसांनी. "म्हणजे कातरवेळ यांचीच मोठी, आणि यांना तिचा पत्ताच नाही!"

पत्ता नसेल असे मला वाटत नाही. ज्या देशात हिवाळाभर दुपारी चारला दिवस संपतो, तिथल्या लोकांनी त्यावर काही तोड काढली असणारच. आम्ही पाहिला तो नाताळचा झगमगाट ही त्यातलीच एक तोड म्हणायची. ट्राफल्गार चौकात एक भलामोठा सूचिपर्णी वृक्ष उभा केला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने मदत केली, त्याची आठवण म्हणून नॉर्वेतले ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी तो पाठवते. रीजंट स्ट्रीटवर डोक्यावर दिव्यांचे देवदूत पंख पसरून होते. आपणही दिवाळीचे दिवे लावतो ते अमावास्येला आणि दिवस लहान होत जातात तेव्हाच. मोठ्या बाईंना मात्र झगमगाटापेक्षा पदपथावरच्या भाजलेल्या चेस्टनटचा वास जास्त आवडला. चव रताळ्यासारखी. गणिताच्या बाईंनी भावाचा रुपयांत गुणाकार केला आणि खायचे सोडून दिले.

शनिवारी सकाळी मराठीच्या बाईंच्या आग्रहाने किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरापाशी गेलो. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले. आम्ही गेलो तेव्हा स्मारकाच्या परवानगीचा वाद चालू होता, म्हणून बाहेरूनच पाहिले. शांत गल्ली, एकसारखी विटांची घरे, भिंतीवर निळी गोल पाटी. मराठीच्या बाई पाटीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन हिवाळे काढले असतील इथे. एकटे. घरून पत्र यायला किती दिवस लागत असतील?" बोटीने पत्र यायचे, दोन-तीन आठवडे सहज. आमच्याजवळ तर भाचीच्या घरचा फोन होता, त्यावर रोज रात्री नातवंडे दिसत.

रविवारी २२ डिसेंबर. सबंध प्रवासात हा एकच दिवस मी माझ्यासाठी राखून ठेवला होता. ग्रीनिचला जायचे.

त्याआधी शहाद्याचे एक गुपित सांगते. आपले गाव साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. बेरीज पंचेचाळीस. म्हणून त्या दिवशी भर मध्यान्ही शहाद्यात कुठल्याही सरळ उभ्या वस्तूची सावली बरोबर तिच्या उंचीएवढी पडते. दरवर्षी मी मुलींना मैदानात न्यायची, काठी रोवायची आणि सावली मोजायला लावायची. मुलींना नवल वाटे. पण मध्यान्ह घड्याळात बाराला व्हायची नाही, साडेबाराला व्हायची. का? तर भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे अलाहाबादजवळची, आणि आपण त्याच्या आठ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटे. घड्याळ अलाहाबादचे, सूर्य शहाद्याचा. मुंबईने तर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. मी तेव्हा तीन वर्षांची होते.

ग्रीनिचची टेकडी चढताना मोठ्या बाई तीनदा बाकावर बसल्या. वर वेधशाळेच्या अंगणात धातूची पट्टी बसवली आहे, तेच मूळ रेखावृत्त. लोक एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिम गोलार्धात ठेवून फोटो काढत होते. आम्हीही काढला. तशी ती रेषा माणसांनी मतदान करून ठरवलेली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले, बावीस मते ग्रीनिचला पडली. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले, एका देशाने विरोध केला. त्याच्या कितीतरी शतके आधी आपले ज्योतिषी शून्य रेखांश उज्जयिनीवरून मोजत. ते ठिकाण शहाद्याच्या पूर्वेला जेमतेम सव्वा अंशावर! गंमत म्हणजे आजच्या मोबाइलमधला उपग्रहावर चालणारा नकाशा शून्य अंश त्या पट्टीवर दाखवतच नाही, तिच्या पूर्वेला शंभरेक मीटरवर दाखवतो. गणिताच्या बाईंनी भाचीच्या फोनवर ते पडताळून पाहिले आणि पट्टीकडे 'नापास' अशा नजरेने पाहिले.

मला रेषेपेक्षा सावली हवी होती. आभाळ सकाळपासून गच्च होते. बाराला पाच मिनिटे असताना ढग जरा फाटले. वेधशाळेच्या बाहेर फरसबंद मोकळी जागा आहे, तिथे धावलो (धावलो म्हणजे आमच्या परीने). मी छत्री सरळ उभी धरली. सूर्य डोक्यावर कसला, समोरच्या झाडांच्या शेंड्यांना टेकलेला. साडेएक्कावन्न आणि साडेतेवीस मिळून पंचाहत्तर, नव्वदातून गेले तर उरले पंधरा अंश. सावली लांबच लांब गेली, तिकडे उभ्या एका बाईंच्या बुटांपर्यंत. गणिताच्या बाईंनी पावलांनी मोजली. तीन फुटांची छत्री, अकरा फुटांवर सावली. "पंधरा अंशांना पावणेचारपट. जमतेय," त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा ढग आले. सगळा कार्यक्रम तीन-चार मिनिटांचा.

एक वाजता वेधशाळेच्या शिखरावरचा लाल गोळा खाली पडला. १८३३ पासून रोज एकला पडतो. थेम्समधल्या जहाजांनी तो पाहून आपली घड्याळे लावावीत म्हणून. त्या दिवशी खाली उतरता उतरता पावणेचार झाले. पार्कातच सूर्यास्त झाला, दिसला नाहीच, नुसता उजेड ओसरला. मी मराठीच्या बाईंकडे पाहिले. त्या बाकावर बसून मोठ्या बाईंच्या बुटाची नाडी बांधून देत होत्या. मोठ्या बाईंना वाकता येत नव्हते.

मंगळवारी परत निघालो. नाताळाच्या दिवशी तिकडे बस-रेल्वे बंद असते आणि २६ तारखेला आपल्याकडे सूर्यग्रहण होते. ग्रहणाला घरी असावे असे दोघींना धार्मिक कारणाने वाटत होते, मला भूगोलाच्या कारणाने. सकाळी अंगणात चाळणीच्या भोकांमधून जमिनीवर सूर्याच्या शेकडो कोरी उमटल्या, त्या दूधवाल्याला दाखवल्या.

त्यानंतर तीन महिन्यांत सगळे जग घरात बसले. मे २०२० मध्ये जाणार असतो, तर तिकिटे हातात धरून बसलो असतो. माझा मुलगा याबद्दल काही बोलत नाही, मीही काढत नाही. मोठ्या बाई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या. शेवटचे दर्शनही घेता आले नाही, ते दिवसच तसे होते. त्यांच्या कपाटात लंडनच्या बसचा नकाशा नीट घडी करून ठेवलेला सापडला, असे त्यांच्या सुनेने सांगितले. त्यावर आम्ही गेलो ते मार्ग त्यांनी लाल शाईने गिरवले होते, जशा त्या पेपर तपासायच्या तशा.

मराठीच्या बाई अजून एकट्याच राहतात. लंडनमुळे काही बदलले असे मी म्हणणार नाही, परतल्यावरही कितीतरी दिवस त्या सहाला माझ्याकडे यायच्या. पण शाळा पुन्हा उघडल्यानंतर त्यांनी गावातल्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी वाचनाचा तास सुरू केला. सहा ते साडेसात. धडगाव, तोरणमाळकडच्या मुली आहेत, बोली वेगळी, प्रमाण मराठी वाचताना अडखळतात. मागच्या डिसेंबरात त्यांनी मला बोलावून मैदानात काठी रोवायला लावली. सावली काठीएवढी भरली तेव्हा एका मुलीने, खात्री करायला, स्वतः उभी राहून आपली सावली मैत्रिणीकडून मोजून घेतली.

आता सहाला त्यांना फोन केला तर लागत नाही. पिशवीत ठेवून वर्गात जातात.